अलिबाग ते डिमोना: बेने इस्रायली माणसांनी अजून किती वेळा सांगायचं की ते कुठले?

अष्टागरकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच.

आमच्याकडे अलिबाग-चौल-रेवदंडा पट्ट्यात थंडीत इस्रायलहून बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्पिढ्या कोकणात राहून तिकडे गेलेल्या ज्यूंच्या घरची माणसं येतात, आजी-आजोबांचं घर बघायला. कुणाकडे जुना फोटो असतो, कुणाकडे नुसतं गावाचं नाव, तेही आडनावातून कळलेलं. केहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, चौलकर. आम्ही गावातली दोन-चार जणं त्यांना फिरवतो, पैसे घेत नाही, आवड म्हणून.

यंदा इस्रायलमधल्या डिमोना गावाहून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, जन्म तिकडचाच, पण घरात आजी असल्यामुळे मराठी चांगलं, थोडं जुन्या वळणाचं, "मला ठावं नाही" असं बोलतात. चौलला एका दुकानात त्यांनी कोकम मागितलं, अगदी स्वच्छ मराठीत. दुकानदार त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागला. त्या परत मराठीत बोलल्या तर हा परत हिंदीत, आणि मग माझ्याकडे वळून "कुठल्या देशाच्या आहेत?" म्हणजे बाई समोर उभ्या आहेत, मराठीत बोलतायत, आणि प्रश्न मला. त्या काही बोलल्या नाहीत, गाडीत बसल्यावर म्हणाल्या, शाळेत तिकडे आम्हाला 'होदी', म्हणजे भारतीय, म्हणायचे, काही पोरं काळी म्हणायची, आणि इथे मी परदेशी.

माझं म्हणणं असं की या लोकांना हा प्रश्न गेली दोनशे वर्षं प्रत्येक जण विचारतोय. मुंबईत बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंनी विचारला, इस्रायलमध्ये धर्मगुरूंनी विचारला, आणि आता आपण विचारतोय. ज्यांनी कधी विचारला नाही ते होते गावातले शेजारी, कारण त्यांना माहीतच होतं की हा अमक्या घाण्यावरचा तेली, शनिवारी घाणा बंद ठेवतो, म्हणून शनवार तेली. विषय संपला. मला यावर इतरांचे अनुभव हवेत, विशेषतः जे बाहेर राहतात किंवा सारखे फिरतात त्यांचे.

इतिहासवेडा
चांगला धागा. माहिती नसलेल्यांसाठी थोडं लिहितो. परंपरा अशी की फार पूर्वी नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं. ते कधी झालं यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत, त्यात शिरत नाही. पुढे तेल गाळणं, शेती, मग इंग्रजांच्या काळात मुंबईला पलटणीत नोकऱ्या. समाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईत शार हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते मुंबईचे महापौर होते, तेही बेने इस्रायली.

बगदादी ज्यूंबद्दल धागाकर्त्याने लिहिलंय त्याला जोड देतो. १८३६ मध्येच मुंबईतल्या बगदादी मंडळींनी दफनभूमीत भिंत घालून आमचा भाग वेगळा करा अशी मागणी केली होती. हे काळे, स्थानिकांशी मिसळलेले, शुद्ध नाहीत असा आक्षेप. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहात बेने इस्रायली माणूस मोजायचा नाही असेही प्रकार झाले. रंगूनमध्ये तर प्रकरण कोर्टात गेलं, तिथल्या मुस्मेआ येशुआ सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलींना मतदानाचा आणि विश्वस्त होण्याचा हक्क आहे की नाही यावर, आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलींच्या बाजूने लागला. एकाच धर्माची, एकच प्रार्थना म्हणणारी माणसं आणि न्याय द्यायला इंग्रजांचं कोर्ट!

लीआ_अश्दोद
अष्टागरकर दादा, तुमचं लिखाण वाचून आईला वाचून दाखवलं. आम्ही इस्रायलला, अश्दोदला असतो. आई लहान असताना आगबोटीने आली, वडिलांकडची मंडळी पेणची.

१९६२ ची गोष्ट इथे लिहिते, कारण भारतातल्या लोकांना सहसा माहीत नसते. त्या वर्षी इथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायली मुलामुलीचं दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न असेल तर आधी त्यांच्या आईची, आईच्या आईची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा, बाहेरचं कुणी घरात आलेलं का ते बघा. हे फक्त आमच्यासाठी. पोलंडहून आलेल्याला असं कुणी विचारत नव्हतं. आता तुम्हीच सांगा, पेणजवळच्या खेड्यातल्या बाईच्या आजीचा जन्मदाखला कुठून आणायचा? माझ्या मावशीचं लग्न ठरलेलं, मुलगा मोरोक्कोकडचा. कचेरीत तिला विचारलं तुझी पणजी ज्यू होती कशावरून. मावशीने सांगितलं की आमच्या घरी शब्बाथला, म्हणजे शनिवारी, चूल पेटत नव्हती, मुलांची सुंता आठव्या दिवशी होत होती, मांसाबरोबर दूध कधी शिजलं नाही. तो माणूस म्हणाला हे सगळं तोंडी आहे. मावशीने ते लग्न केलंच नाही पुढे. ती अजून त्या विषयावर बोलत नाही.

मग १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला तळ देऊन बसली. बायका नऊवारीत आणि पाचवारीत, पोरं कडेवर. माझे आजोबा त्यात होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, खास बैठक घेऊन ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू आहेत, आणि मग धर्मपीठाने त्या फर्मानातलं आमचं नाव काढलं. आमचं नाव काढलं म्हणते, फर्मान नव्हे. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याची चौकशी करा असं मोघम ठेवलं. आजोबा शेवटपर्यंत म्हणत की आपण जिंकलो, आणि आजी म्हणायची की जिंकलो तर मग अजून मुलीच्या लग्नात माझी छाती का धडधडते.

तिखटमीठ
लीआताई, वाचून गलबलून आलं. मावशींना नमस्कार सांगा.

भटकंती_सुरूच
थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. ही मंडळी स्वखुशीने गेली ना? भारतात त्यांना कुणी त्रास दिला नव्हता, हे ती स्वतःच सांगतात. मग तिकडे गेल्यावर जे झालं त्याबद्दल आपण काय करणार? आणि दुकानदाराचं म्हणाल तर तो बिचारा दिवसभर पर्यटक बघतो, चेहरा आणि कपडे बघून बोलला, त्यात वर्णद्वेष कुठे आला?

अष्टागरकर
@भटकंती_सुरूच, स्वखुशीने गेले हे खरं, धर्माची ओढ होती, आणि मुंबईत इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्ट-कस्टममधल्या नोकऱ्यांचं पुढे काय ही काळजीही होती. पण स्वखुशीने गेलेला माणूस परत आला की तो परकाच, असं थोडंच असतं? आपला चाकरमानी चाळीस वर्षं मुंबईत राहून गणपतीला येतो तेव्हा त्याला गावात कुणी विचारत नाही तू कुठला म्हणून. आणि १९५१-५२ मध्ये तर काही कुटुंबांनी तिकडे उपोषणं-धरणी केली की आम्हाला भारतात परत पाठवा, इथे आम्हाला रंगावरून वेगळं वागवतात. त्यातली काही खरंच परत आणली गेली. आणि पुढच्या वर्षांत त्यातलेच बरेच पुन्हा इस्रायलला गेले. हे मला फार त्रासदायक वाटतं. इकडे घर विकलेलं, तिकडे मान नाही.

दुकानदाराला मी वाईट म्हटलेलं नाही. पण समोरची बाई मराठीत बोलतेय हे कानाला ऐकू येऊनही डोळ्यांनी ठरवलं की ही आपली नाही, एवढंच मला बोचलं.

मुक्ता_कोथरूड
डोळ्यांनी ठरवणं, अगदी बरोबर. मी पुण्यातलं सांगते. माझी ऑफिसातली मैत्रीण मिझोरामची, ऐझॉलची. दहा वर्षांहून जास्त काळ पुण्यात, मंडईत भाव करते मराठीत. आम्ही चौघीजणी वेरूळला गेलो होतो. तिकीट खिडकीवर आम्हा तिघींचे चाळीस-चाळीस रुपये घेतले आणि तिला म्हणाले फॉरेनर सहाशे. तिने आधार कार्ड काढलं तर ते उलटं-सुलटं करून बघितलं, मग आत कुणाला तरी विचारून आले, मागे रांग खोळंबली आणि लोक आमच्याकडे बघतायत. आम्हाला तिघींना कुणी आधार मागितलं नाही. ती शांतपणे उभी होती, मला राग आला होता आणि ती मलाच म्हणाली असू दे गं, मी कार्ड नेहमी वरच्या कप्प्यातच ठेवते. म्हणजे तिने सवय करून घेतलीये.

ऑगस्ट २०१२ आठवतंय का कुणाला? अफवा पसरल्या आणि बंगळुरू, पुण्याहून हजारो ईशान्येकडची पोरं मिळेल त्या गाडीने गुवाहाटीला निघाली होती. तेव्हा पुणे स्टेशनवर जी गर्दी होती त्यातली ती एक होती. परत आली कारण नोकरी इथे होती. २०२० मध्ये करोनाच्या वेळी सोसायटीतल्या लिफ्टमध्ये तिला बघून एक काका उतरून गेले. आपण आपल्याला फार प्रेमळ समजतो, पण नीट बघा एकदा.

सह्याद्रीची_लेक
+१ मुक्ता. आणि आपणच शिलाँगला गेलो की टॅक्सीवाल्याला विचारतो "आप लोग इंडिया कब आते हो?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आमच्याच ग्रुपमधल्या एका सुशिक्षित बाईंकडून. तो ड्रायव्हर म्हणाला मॅडम ये इंडियाही है. आणि गाडी चालवत राहिला.

मुरुडकर_दर्यावर्दी
आमच्या मुरुडचं राहिलं. जंजिरा बघायला हजारो माणसं येतात, किल्ला अजिंक्य म्हणून फोटो काढतात आणि तो राखणारे सिद्दी म्हणजे परकीय शत्रू एवढंच ऐकून जातात. जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत होतं, तीनशेच्या वर वर्षं सिद्दींचं राज्य. आफ्रिकेतून आले हे खरं, पण किती पिढ्या झाल्या? मलिक अंबर हबशीच होता, औरंगाबादच्या जागी खडकी त्याने वसवलं, कबर खुलताबादेत आहे. कर्नाटकातले यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी घरात कोकणी बोलतात. माझा एक मित्र तिकडचा, कबड्डी खेळायचा, मुंबईत लोकलमध्ये त्याला "ब्रो विच कंट्री, नायजेरिया?" हे रोजचं. पोलिसांनी एकदा पासपोर्ट मागितला. त्याच्याकडे पासपोर्ट नाहीच, कधी काढलाच नाही, परदेशी जायची वेळच आली नाही. भारतीय असल्याचा पुरावा म्हणून त्याने रेशन कार्डाची झेरॉक्स पाकिटात ठेवली, अजून असते.

इतिहासवेडा
एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण धाग्यात गाव फार गोडगोड दिसायला लागलंय. शेजाऱ्यांनी विचारलं नाही याचं एक कारण असं की गावात प्रत्येकाची जागा जातीने ठरलेली होती, आणि बेने इस्रायली त्यात तेल्यांच्या जागी बसले. जागा मिळाली, पण ती पायरीवरची. शिवाय खुद्द समाजातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन भाग होते. ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली होती त्यांची मुलं काळे इस्रायल. रोटीबेटी नाही, पंगतीत वेगळी भांडी. म्हणजे पुढे जो प्रश्न धर्मपीठाने यांना विचारला, तोच प्रश्न हे आपल्यातल्याच काहींना आधी विचारत होते. हे दडवून उपयोग नाही.

लीआ_अश्दोद
इतिहासवेडा, खरं आहे तुमचं. माझी आजी हे बोलायची दबक्या आवाजात. इथे आल्यावर तो भेद आपोआप मेला, कारण इथे सगळेच काळे ठरले. आजी म्हणायची देवाने धडा दिला. मला ते फार कडू वाटायचं लहानपणी.

रानवारा
लीआताई, एक विचारू का, रागावू नका. डिमोना, बीरशेबा या भागाबद्दल बोलताना तिथल्या अरबांचं काय? बीरशेबा १९४८ पर्यंत अरब वस्तीचं गाव होतं. आपल्या लोकांवर अन्याय झाला हे मान्य, पण ज्या घरांत, ज्या जमिनीवर त्यांना बसवलं त्याबद्दलही कुणी बोलावं ना.

लीआ_अश्दोद
रागावत नाही. विचारायलाच हवं. माझ्या वडिलांना बीरशेबाला आणून सोडलं तेव्हा त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं, सरकारने ट्रक लावला आणि वाळवंटात उतरवलं, तंबू दिला. नंतर शेजारी बदावी, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, गडी कामाला असायचे, त्यांच्याशी वडिलांचं जमायचं, चहा प्यायचे एकत्र. पण त्यांची जमीन गेली आणि आम्हाला घर मिळालं हे दोन्ही खरं आहे, आणि आमच्या घरात यावर दोन मतं आहेत, जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. माझा मुलगा तुमच्यासारखंच विचारतो. मी त्याला गप्प बसवत नाही.

तिखटमीठ
कोणी मलिद्याबद्दल लिहील का? मी रास्ता पेठेत वाढले, शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं, सुक्कथ शेलोमो सिनेगॉगच्या जवळ. नवीन घर, लग्न, परदेशी जाणं, काही असलं की मलिद्याचं ताट यायचं. पोहे धुऊन निथळून घेतलेले, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते, ढीग रचलेला आणि भोवती फळं, वर गुलाब आणि सब्जा. आमच्या आईने त्या ताटात कधी काही बघितलं नाही, सरळ खायला घ्यायची. त्यांच्या आजी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, गाणं म्हणायच्या, अर्धं हिब्रू आणि अर्धं मराठी. सगळी मंडळी ७० च्या दशकात गेली. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायच्या, नारळाच्या दुधातला, तशी चव पुन्हा मिळाली नाही.

अष्टागरकर
तिखटमीठ ताई, अगदी तस्साच. आमच्याकडे सागावला, खंडाळ्याजवळ (अलिबागचं खंडाळे, घाटातलं नव्हे), तो खडक आहे, एलियाहूच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण म्हणतात. नवस फेडायला लोक तिथे मलिदा करतात, इस्रायलहून येऊनही करतात. आजूबाजूची आगरी-कोळी माणसंही तिथे थांबून हात जोडतात. सणांची नावंही बघा ना, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, आहे, हिब्रू आणि मराठीत, त्यात चित्रं आहेत बायकांची, खाली बसून बिनखमिराची भाकरी करतायत, नेसण अगदी आपल्याकडचं. हे बघितल्यावर ही माणसं कुठली हे विचारायचं काय राहतं?

भटकंती_सुरूच
मी वरचं सगळं नीट वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण वेरूळच्या खिडकीचा प्रसंग वाचून एक सुचवतो. आधार मागायचंच असेल तर रांगेतल्या प्रत्येकाला मागा. मला मागा, तिला मागा. चेहरा बघून नको. आणि इस्रायलच्या पासपोर्टवर येणाऱ्यांकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर स्मारकांवर भारतीयांचाच दर लागतो, तसा नियम आहे. खिडकीवरच्या माणसाला बऱ्याचदा माहीत नसतं. अष्टागरकर, तुमच्याकडे येणाऱ्यांना कार्ड आणि नियमाची प्रत दोन्ही बरोबर ठेवायला सांगा, घारापुरीला उपयोगी पडेल.

अष्टागरकर
हे फार कामाचं सांगितलंत, धन्यवाद. प्रत काढून ठेवतो.

मुक्ता_कोथरूड
प्रश्न कसा विचारावा यावर एक. माझ्या मैत्रिणीला मी विचारलं की मग लोकांनी काय विचारावं? ती म्हणाली, जे तुम्ही एकमेकींना विचारता तेच. कुठे राहतेस, काम काय करतेस, जेवलीस का. गावाचं मी आपणहून सांगेन, मला आवडतं ऐझॉलबद्दल सांगायला. पहिल्याच वाक्यात नको.

सह्याद्रीची_लेक
हे आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर टाकते. पुढच्या महिन्यात मेघालय आहे.

इतिहासवेडा
आकडे कुणाला हवे असतील तर: १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून साडेसव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या वर जेमतेम. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे लग्ननोंदणी, शाळा-संस्था यांना थोडी मदत झाली. दर्जा मिळाला तेव्हा मुंबई-ठाणे-रायगडात मिळून काही हजारच शिल्लक होते. पन्नास वर्षं आधी दिला असता तर काही घरं थांबली असती का, मला तसं वाटतं, पण ते माझं मत.

लीआ_अश्दोद
अष्टागरकर दादा, एक काम होतं. आईची शाळा पेणला होती, चौथीपर्यंत मराठीत. इथे मायबोली नावाचं आपलं मराठी त्रैमासिक निघतं, त्यात तिला शाळेच्या आठवणी लिहायच्यात, पण शाळेचं नाव आठवत नाही, एवढंच आठवतं की समोर मूर्तिकाराचं दुकान होतं आणि गणपती वाळत ठेवलेले असायचे. शोधता येईल का?

अष्टागरकर
पेणला गणपतीच्या कारखान्यासमोर नसलेली शाळा शोधणं जास्त कठीण. पण होईल. आईंचं माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव आणि साधारण कोणत्या साली पहिलीत गेल्या ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे उघड्यावर नको. जुन्या शाळांत जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं, मुख्याध्यापकांना भेटतो, सोमवारी तसंही पेणला जायचंय. नाव सापडलं तर त्या पानाचा फोटो पाठवतो, शाळेने परवानगी दिली तर.

तिखटमीठ
सापडलं की इथे नक्की कळवा, आम्ही वाट बघतोय. आणि लीआताई, आईंनी लिहिलेलं छापून आलं की इथेही टाका, त्यांची हरकत नसेल तर.